हौदातली मंडळी

शनिवार उजाडला की रंगारिणीच्या कपाळाला आठी पडायची आणि ती सोमवार दुपारपर्यंत उतरायची नाही. घरामागच्या धुण्याच्या हौदाचं बूच काढायचं, निळं पाणी मोरीवाटे बाहेर सोडायचं, आत उतरून विटेची पूड आणि काथ्याचा बोळा घेऊन भिंती घासायच्या, तळ घासायचा, कोपरे नखांनी खरवडायचे. मग विहिरीचं पाणी बादलीबादलीने ओढून हौद कमरेपर्यंत भरायचा. एवढं सगळं कशासाठी, तर रविवारी सकाळी मंडळीतलं कुणीतरी एकजण त्यात बुडणार. तेही एकदाच, डोळे मिटून उघडेपर्यंत.

"पाप म्हणे एका बुडीत जातं," ती घासता घासता स्वतःशीच बोलायची. "ही नीळ मेली जात नाही."

हे लचांड तिच्या गळ्यात कसं पडलं ते सांगायला हवं. गावात मनोऱ्याचं मोठं चर्च पहिल्यापासून होतं. तिथे तान्ह्या पोरांच्या कपाळावर वाटीतलं पाणी शिंपडायचे आणि पोर रडलं की काम झालं. सुतार, गिरणीवाला आणि घड्याळं दुरुस्त करणारा एक हडकुळा गृहस्थ अशा तिघांनी एकदा ठरवलं की हे काही खरं नाही. तान्ह्याला काय कळतं? माणसाने कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने कबूल करून, स्वतःच्या पायांनी पाण्यात उतरावं आणि अख्खं बुडावं. मोठ्या चर्चने तिघांना दार दाखवलं. मग घड्याळजी पाळक झाले. आठवडाभर घड्याळं आणि रविवारी प्रवचन. बसायला जागा नव्हती, म्हणून मंडळी रंगाऱ्याच्या पुढच्या खोलीत जमू लागली. रंगाऱ्याला तसं विचारलं होतं, पण त्याला विचारणं आणि न विचारणं सारखंच. कुणी काही मागितलं की त्याची मान आपोआप होकारार्थी हलायची, आणि मागून बायको निस्तरत बसायची.

पहिले बाप्तिस्मे नदीत झाले. मग पावसाने पाठ फिरवली. नदीत गोटे उरले आणि एक डबकं उरलं, त्यात जनावरं बसायची. तेव्हा सुताराला रंगाऱ्याचा हौद आठवला. त्या पहिल्या रविवारी हौद घासायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सगळे आत्म्याच्या शुद्धीत गढलेले. सुताराचा मेहुणा पांढराशुभ्र सदरा घालून आत गेला आणि आभाळी होऊन वर आला, दाढीसकट. दाढी पिकलेली होती, त्यामुळे तिच्यावर रंग चांगला बसला. तो कितीतरी दिवस घराबाहेर पडला नाही, आणि गावाने मंडळीचं नाव ठेवलं, निळे. दुसऱ्या दिवशी सुतार येऊन म्हणाला, "वहिनी, तेवढा हौद आदल्या दिवशी घासून ठेवत जा." तेवढा! तेव्हापासून तिचे शनिवार गेले ते गेलेच.

गंमत अशी की घासणारी स्वतः अजून कोरडीच होती. सासूचा बाप्तिस्मा झाला, नवऱ्याचा झाला, गिरणीवाल्याच्या तिन्ही बहिणींचा झाला. हिची पाळी आली की काहीतरी निघायचं. कधी पिंपातली नीळ नेमकी रंगवायला तयार झालेली असायची आणि कापड सोडून हलता यायचं नाही, कधी सासूला ताप, कधी भक्तीनंतर सगळ्यांना चहा. आणि मंडळीचा नियम कडक. बाप्तिस्मा नाही त्याला मत नाही. मंडळी उठल्यासुटल्या मतं घ्यायची. बाकं कुठल्या तोंडाने लावायची, गाणं किती सावकाश म्हणायचं, भक्तीत कुणी पेंगलं तर उठवायचं की नाही, सगळ्याला हात वर. तिच्याच खोलीत हे हात वर व्हायचे आणि ती स्वयंपाकघरातून ऐकायची.

त्या शनिवारी ती हौदाच्या तळाशी गुडघे टेकून घासत होती, तेव्हा वर पावलं वाजली. तिने डोकं काढून पाहिलं. सुतार आला होता, कानावर पेन्सिल आणि हातात गाठी मारलेली दोरी. दोरीचं दुसरं टोक पाळकांच्या हातात. वाळत घातलेल्या निळ्या कापडांमधून वाकत वाकत दोघे पटांगणाच्या कडेला निघाले होते.

"काय मोजताय?" तिने विचारलं.

"काही नाही वहिनी, तुमचं चालू द्या," सुतार म्हणाला.

"माझ्याच पटांगणात मोजताय, म्हणून विचारलं."

पाळक खोकले. अवघड जागी आले की ते आधी खोकायचे आणि मग बोलायचे. "त्याचं असं आहे बाई, मंडळीला स्वतःचं प्रार्थनामंदिर हवं आता. तुमची खोली किती दिवस अडवायची? बंधूंनी मोठ्या मनाने ही जागा देऊ केली."

"कुठल्या बंधूंनी?"

"म्हणजे, तुमच्या यजमानांनी."

तिच्या हातातला काथ्या तसाच राहिला. सुतार मात्र रंगात आला होता. "हौदाभोवतीच भिंती उभ्या करायच्या. हौदावर फळ्या टाकायच्या. बाप्तिस्मा असला की फळ्या उचलायच्या. अर्धं काम आयतंच झालेलं आहे, वहिनी."

"आणि मी कापड कुठे धुवायचं? वाळवायचं कुठे?"

"देव मार्ग काढेल."

"देव काढणार होता तर तुम्ही दोरी घेऊन कशाला आलात?"

पाळक पुन्हा खोकले. सुतार एक पाऊल मागे सरला, तो थेट जमिनीवर पसरलेल्या ओल्या कापडावर. बूट उचलला तेव्हा कापडावर टाच, तळवा, खिळे, सगळं स्वच्छ उमटलं होतं. "अरेरे," तो म्हणाला, आणि दुसरा पाय टेकायला जागा शोधताना त्याने दुसरीकडेही एक टाच उमटवली. ती हौदातून बाहेर आली, कापड ओढून घेतलं आणि काही न बोलता पुन्हा धुवायला टाकलं. बोलली असती तर जे निघालं असतं ते पाळकांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

नवरा छपराखाली नीळ चढवत होता. पिंपातून कापड काढलं की आधी हिरवट दिसायचं, मग वारा लागेल तसं निळं होत जायचं. ते एका माणसाने पिळता येत नाही, एक टोक याने धरायचं आणि दुसरं तिने. इतक्या वर्षांत भांडणंसुद्धा अशीच व्हायची, मध्ये पीळ घातलेलं कापड आणि दोन्ही टोकांना दोघं.

"अहो, पटांगण दिलंत?"

"दिलं कुठे? म्हटलं, मंडळीने ठरवावं. पुढच्या रविवारी भक्तीनंतर मत घेणार आहेत."

"जागा आपली आणि मत मंडळीचं?"

"अगं, सुतार घरी आला, पाळक आले. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"तोंडावर जमत नाही तर पाठीमागे म्हणायचं. पण कुठेतरी म्हणायचं." तिने आपल्या टोकाला असा पीळ दिला की त्याच्या हातातलं टोक निसटता निसटता राहिलं. "पटांगण गेलं की वाळवण गेलं. हौद गेला की धुणं गेलं. उरलं काय? पिंपं? त्यात लोणचं घालू?"

तो आपलं टोक पिळत राहिला. त्याचा हा गप्प बसण्याचा प्रकार तिला भांडणापेक्षा जास्त जाळायचा. उंबऱ्यात बसलेली सासू म्हणाली, "माझ्या सासऱ्यांनी बसवलेला हौद आहे तो. त्यांचं बोट गेलं दगडाखाली." एवढं बोलून ती थांबली. पुढे काही सांगेल म्हणून रंगारीण वाट पाहत राहिली, तर सासू म्हणाली, "पण मुलगा म्हणेल तसं. मी आता किती दिवसांची."

"मंडळीत विरोधात कोण आहे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"गिरणीवाला म्हणतो, दुष्काळ सरू द्या, मग बांधा. त्याच्या घरचे सगळे त्याच्या बाजूने. सुताराकडे थोडे जास्त असतील. एखाददुसरा."

"एखाददुसरा ना? मग मी बाप्तिस्मा घेते."

त्याचा चेहरा खुलला. तो खरोखरच भाबडा होता. "खरंच? देवाची कृपा झाली म्हणायची."

"कृपेचं नंतर बघू. आधी मत."

बुधवारी संध्याकाळी तिच्याच खोलीत तिची साक्ष ठेवली गेली. बाप्तिस्मा मागणाऱ्याने मंडळीसमोर उभं राहून आपण का आलो ते सांगायचं, मंडळीने प्रश्न विचारायचे आणि मग हात वर करून घ्यायचं किंवा थांबवायचं, अशी रीत होती. तिने हात पुसले, पण निळी बोटं ती निळीच राहिली. आपल्याच घरात, आपणच सारवून ठेवलेल्या खोलीत, परक्यासारखं दाराशी उभं राहायला तिला भारी जड गेलं. बसायला कुणी सांगितलं नाही.

सुताराने सुरुवात केली. "वहिनी, इतकी वर्षं सुचलं नाही, ते नेमकं याच आठवड्यात कसं सुचलं?"

"रविवारी मत आहे म्हणून."

गिरणीवालीने तोंडावर रुमाल धरला. पाळक खोकले आणि पुन्हा खोकले.

"म्हणजे, मत मिळावं म्हणून बाप्तिस्मा?" पाळकांनी हळूच विचारलं. "बाई, हे बरोबर नाही. त्याला विश्वास लागतो."

"खोटं बोलायला सांगता का मला? माझ्या जागेचा निकाल लागणार आणि मी आत भांडी घासत बसू? म्हणून आले, ते सांगितलं. विश्वासाचं विचारता, तर तेही सांगते." ती बोलायला लागली आणि तिला कळलं की आपला आवाज चढतोय. तो खाली आणायचा तिने प्रयत्नही केला नाही. "विहिरीत पाणी उरलेलं नाही. दोर लांबवून लांबवून माझे खांदे उतरले. घरच्या कापडाला पाणी पुरत नाही, तरी दर शनिवारी मी हा हौद तुमच्यासाठी भरते. विश्वास नसता तर कधीच त्याला कुलूप घातलं असतं. मी हौद भरत होते आणि तुम्ही सगळे माझ्यादेखत एकेक करून आत उतरत होतात. मला काय वाटत असेल, एकाने तरी विचारलं? आता तो विश्वास मोहरीच्या दाण्याएवढा आहे की त्याहून कमी, ते तुम्ही मोजा. दोरी आहे तुमच्याकडे."

"आणि बाप्तिस्म्याचं पाणी?" सुताराचा मेहुणा एकदम म्हणाला. त्याच्या दाढीत अजून कुठेतरी निळसर झाक होती. "ते तुम्ही सोमवारी कापडाला वापरता, असं ऐकलं."

"मग काय फेकून देऊ? तुमची पापं धुतल्यावर कापडं तरी धुतली जाऊ देत."

यावर मात्र गिरणीवालीला आवरलं नाही आणि ती रुमालातच हसली. पाळकांनी घाईघाईने मत घेतलं. गिरणीवाल्याकडचे हात आधी वर गेले, मग सासूचा, मग नवऱ्याचा, मग इतरांचे. सुताराने आजूबाजूला पाहिलं. आपण एकट्यानेच थांबलो तर ते सगळ्यांना दिसेल, हे ओळखून त्यानेही हात वर केला, कानाच्या उंचीपर्यंत.

शनिवारी तिने स्वतःसाठी हौद घासला. इतरांच्या बाप्तिस्म्याला लोक निदान आदल्या दिवशी प्रार्थना करत, शांत बसत. हिच्या गुडघ्याची सालटी निघाली आणि विटेची पूड डोळ्यात गेली. विहिरीत बादली खाली गेली की आधी दगडावर आपटायची, मग पाण्याला लागायची, आणि वर यायची ती अर्धी चिखलाने भरलेली. तो चिखल खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून घ्यायचं, पुन्हा बादली सोडायची. नवरा मदतीला येतो म्हणाला होता. पण सकाळीच सुतार आला आणि म्हणाला, चला, लाकूड बघून येऊ, पसंत तर करून ठेवू. नवरा जाताना दोनदा वळून पाहत गेला, पण गेला. तळहातावर फोड आला, फुटला आणि त्यात दोर घुसला. हौद कमरेपर्यंत भरलाच नाही, मांडीपर्यंत आला. तिने दोर तिथेच टाकला आणि विहिरीच्या काठावर बसून रडली. दुःखाने नाही, निव्वळ वैतागाने.

रविवारी सकाळी मंडळी हौदाभोवती उभी राहिली. पाळक आधी उतरले, मग ती. पाणी इतकं कमी होतं की तिला गुडघ्यांवर बसवून मागे झुकवावं लागलं. पाळकांचा एक हात पाठीला आणि एक नाकाशी. त्यांनी ठरलेले शब्द म्हटले आणि ती पाण्याखाली गेली.

खाली गार होतं. कान भरले आणि सगळे आवाज बंद झाले. खांद्यांची ठणक थांबली. क्षणभर का होईना, तिला कुणी काही मागत नव्हतं आणि पाठीखाली एक हात होता, तिला धरून ठेवणारा. मतासाठी आलेली बाई मत विसरली. हे इतक्या जणांना मिळत होतं, तिने भरलेल्या पाण्यात, तिच्या डोळ्यांदेखत. वर आली तेव्हा ती हुंदके देत होती. मंडळीला वाटलं आनंदाचे. आनंद होताच, पण त्यातले निम्मे अश्रू रागाचे होते, आणि दोन्ही वेगळे करणं तिलाही जमलं नसतं.

सुताराला दम निघत नव्हता. पाळकांनी आमेन म्हटलं, तसं तो म्हणाला, "आता सगळे आहेतच, तर जागेचं उरकून घेऊ." तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं. कपडे बदलायला गेले तर माझ्या माघारी उरकतील, या भीतीने ती तशीच उभी राहिली. वारा सुटला होता. तिचे दात वाजायला लागले.

पाळकांनी विचारलं, जागा घ्यावी असं कुणाला वाटतं? सुताराकडचे हात वर गेले. घेऊ नये असं कुणाला? गिरणीवाल्याकडचे वर गेले आणि त्यांच्यात तिचा निळा हात, फोड फुटलेला. पाळकांनी मोजलं, पुन्हा मोजलं आणि खोकले. "सारखे आहेत. दोघांनी हात वर केलेला नाही."

ते दोघे म्हणजे रंगारी आणि त्याची आई.

"मी मुलाबरोबर," सासू म्हणाली. "तो म्हणेल तसं."

सगळ्यांनी रंगाऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या पायांकडे पाहत होता. सुतार प्रेमाने म्हणाला, "बोला बंधू. तुमचाच तर शब्द आहे." रंगारिणीला वाटलं, झालं. आता मान हलेल. वीस जणांसमोर याला नाही म्हणवणार नाही, हे तिला आपल्या हाताच्या रेषांइतकं ठाऊक होतं.

"तिला आधी कोरडं होऊ द्या," रंगारी म्हणाला.

"होतील हो वहिनी कोरड्या. विषय जागेचा आहे."

"जागेचंच बोलतोय." त्याचा आवाज फाटला. "काल ती एकटीने पाणी ओढत होती आणि मी तुमच्याबरोबर लाकूड बघत होतो. बाप्तिस्मा तिचा. हौद तिने घासला, पाणी तिने भरलं, आणि आता ती इथे कुडकुडत उभी आहे, कारण तिचा माझ्यावर भरवसा नाही. मला लाज वाटते. जागा मी देणार नाही. आणि मला पुन्हा विचारू नका, पुन्हा विचारलंत तर मी हो म्हणेन."

सासूने लगेच हात वर केला. "नको तर नको. मी कधीची म्हणतेय," ती म्हणाली. ती तसं कधीच म्हणाली नव्हती.

रंगारिणीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्यावर इतकी वर्षं साठवलेला राग आता ठेवायचा कुठे, असा तिला प्रश्न पडला. मग ती कपडे बदलायला घरात गेली आणि दार लावून घेतलं.

सुताराने त्याच रविवारी आपली माणसं घेतली आणि तो बाहेर पडला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, वखारीशेजारी, त्यांनी वेगळं प्रार्थनामंदिर बांधलं. अशा रीतीने गावात एकाच्या दोन मंडळ्या झाल्या. पुढे दोन्ही मंडळ्यांनी आपापले इतिहास छापले. दोन्हींत लिहिलं आहे की फूट शिकवणुकीच्या गंभीर प्रश्नावर पडली. पटांगणाचा उल्लेख कशातच नाही, आणि रंगारिणीचा तर नाहीच नाही.

सुताराने नव्या मंदिरात स्वतःच्या हाताने लाकडी हौद केला. सांधे असे बसवले की त्यात सुई जाणार नाही, असं तो सांगत फिरायचा. सुई गेली नसेल, पण पाणी गेलं. पहिल्याच बाप्तिस्म्याला प्रवचन लांबलं आणि बिचारा उमेदवार घोट्याएवढ्या पाण्यात बसून राहिला. नदी अजून कोरडीच होती.

एका शुक्रवारी रंगारीण कापड खळबळत असताना सुतार येऊन उभा राहिला. या खेपेला कापडं चुकवून, कडेकडेने आला होता.

"वहिनी, रविवारी आमच्याकडे एकजण आहे. तेवढा हौद..."

ती कापड खळबळत राहिली. नाही म्हणायचं ओठांवर आलं होतं. मग तिला पाण्याखालचा तो गारवा आठवला, आणि येणाऱ्या त्या अनोळखी माणसाचा काय दोष, असं वाटलं.

"उद्या सकाळी या," ती म्हणाली. "काथ्या आणि विटेची पूड कोनाड्यात आहे. बादली विहिरीवर."

"मी?"

"तुम्ही, नाहीतर तुमचा मेहुणा. मला फरक पडत नाही. घासलेला मी बघणार, मगच पाणी."

शनिवारी सुतार हौदाच्या तळाशी गुडघ्यांवर होता. बाही कोपरापर्यंत निळी, टकलाला घाम. दुपारी त्याने धापा टाकत हाक मारली, झालं म्हणून. रंगारीण काठाशी आली, वाकली आणि चारही बाजूंनी नीट पाहिलं.

"कोपरे राहिले," ती म्हणाली.

सुताराने वर पाहिलं. पुन्हा खाली बसला आणि नखांनी कोपरा खरवडायला लागला. ती हौदाच्या काठावर टेकली, हात मांडीवर ठेवले. शनिवारी दुपारी नुसतं बसायची सवय नव्हती, म्हणून थोडं अवघडल्यासारखं झालं. पण ती उठली नाही.